गाडी मागून बघणारा जनूशेठ

परवा पुण्यात एका सिग्नलला रिक्षात अडकलो होतो. पुढे विटांनी भरलेला टेम्पो उभा होता. मी मान बाहेर काढली, वाकलो आणि टेम्पोच्या खाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध बघायला लागलो. रिक्षावाला म्हणाला, "काका, काही पडलं का?"

काही पडलं नव्हतं. गाड्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही. आयुष्यभर भिवंडीच्या शाळेत मुलांना मराठी शिकवलं आणि स्कूटर सुरू झाली नाही की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. वाकून बघायची ही खोड जनूशेठची आहे. इतकी वर्षं त्याच्यासोबत काढल्यावर ती मलाही लागली. मुलगा म्हणतो, भिवंडी सोडली तरी बाबांच्या अंगातून ती जात नाही. आता जनूशेठ म्हणजेच भिवंडी, हे त्याला कसं सांगणार?

जनार्दन पाटील, भिवंडीजवळच्या वडप्याचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी भिवंडी शहरातल्या एका आळीतला, वरणभात खाणारा कारकुनाचा मुलगा, आणि हा सायकल मारत वडप्याहून यायचा. त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. मधल्या सुट्टीत आम्ही डबे बदलायचो आणि घरी कुणी काही विचारलं तर दोघंही साफ खोटं बोलायचो. पुढे त्यांच्या हायवेकडच्या शेतांवर गोदामं उभी राहिली आणि जन्याचा जनूशेठ झाला. गळ्यात बोटाएवढी जाड साखळी आली, पांढरे कडक शर्ट आले, पण शर्टाच्या कोपराला वंगणाचा डाग असल्याशिवाय तो मला कधी भेटल्याचं आठवत नाही.

मी वडप्याला गेलो की तो आधी माझ्या स्कूटरच्या मागे जायचा. मागच्या चाकावर पंजा ठेवायचा, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मग म्हणायचा, "ये, बस." म्हणजे आधी चाकाची विचारपूस, मग माझी. बायपासला ट्रकची रांग लागली की सगळी भिवंडी शिव्या घालते. जनूशेठ मात्र गाडीतून उतरायचा आणि रांगेतल्या एकेका ट्रकच्या मागे वाकून बघत हिंडायचा. ड्रायव्हर लोक आधी त्याला पोलीस समजायचे, मग वेडा समजायचे, आणि शेवटी त्यांच्यातलाच एखादा स्वतः वाकून त्याला काहीतरी दाखवत असायचा.

"पुढनं सगलेच हसतात, मास्तर," तो म्हणायचा. "मागनं बग."

हे तो गाड्यांबद्दल म्हणायचा आणि माणसांबद्दलही. पुतणीला बघायला आलेला एक मुलगा सगळ्यांना पसंत पडला होता. पाहुणे निघाले तेव्हा हा ओट्यावर उभा राहून पाठमोऱ्या मुलाकडे बघत राहिला आणि वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, म्हणाला, "चपला घालताना आईला धक्का मारला त्यानं. नको." लग्न मोडलं. वहिनी महिनाभर धुसफुसत होत्या.

एकदा एका हळदीला आम्ही दोघं गेलो होतो. मंडपासमोर नवरदेवाची परदेशी गाडी फुलांनी मढवून ठेवलेली. झाडून सगळे गाडीच्या पुढे उभं राहून फोटो काढत होते. जनूशेठ कुठे दिसेना. थोड्या वेळाने गाडीच्या मागून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत हा पाठीवर पडलेला, कमरेपासून वरचा भाग गाडीखाली. नवरदेवाच्या बापाला वाटलं, पाहुण्याला चक्कर आली. कुणीतरी धावत जाऊन कांदा फोडून आणला आणि गाडीखाली हात घालून त्याच्या नाकाशी धरला. आतून आवाज आला, "कांदा काढ. बेअरिंग गेलंय. लग्नापतूर टिकंल."

मी त्या दिवशी इतका हसलो की माझ्याच पोटात दुखायला लागलं.

गाड्या खोलायच्या त्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची असायची आणि तिच्यावर दादूस. दादूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ बाळाराम. पांढरी टोपी, हातात काठी, आणि उजवा पाय गुडघ्यापासून ताठ, समोर सरळ पसरलेला. दादूस फार बोलायचा नाही. मांडीवर रेडिओ घेऊन बसायचा आणि भाऊ काय करतो ते बघायचा. जनूशेठ त्याच्यासमोर कधी खुर्चीवर बसला नाही, जमिनीवरच बसायचा. त्याला गाडीतून न्यायचं झालं तर मागच्या सीटवर उशा लावून बसवायचा आणि भिवंडीच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा बैलगाडीच्या वेगाने पार करायचा. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मला त्यातली दुसरी बाजू माहीत होती, म्हणजे मला तसं वाटत होतं.

आम्ही शाळेत असताना वडप्याकडच्या माळावर भातकापणीनंतर छकड्यांची शर्यत व्हायची. दोन बैल, हलका छकडा, आणि सरळ पळायचं. हाकायचा दादूस, आणि छकडा तयार करायचा जन्या. त्या वर्षी जन्याने लोखंडी कणा काढून लाकडाचा घातला होता. कणा म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. लाकडी कणा हलका, छकडा जास्त पळणार, हा त्याचा हिशोब. शर्यतीत तो कणा मोडला आणि दादूसचा पाय चाकाखाली आला. जन्या तेव्हा सुटायच्या रेषेपाशी उभा होता. त्याला फक्त धूळ दिसली.

तो बरेच दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा मधल्या सुट्टीत डबा न उघडता मला एवढंच म्हणाला, "कणा मीच निवडला व्हता." त्यानंतर हा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही. पण जनूशेठ जगातल्या प्रत्येक गाडीच्या मागे वाकून काय बघतो, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

आता त्या गाडीबद्दल सांगतो.

जनूशेठची मुलगी दर्शना. गोदामांचा सगळा कारभार तीच बघते. आवारात कंटेनर लावताना ड्रायव्हरला जमलं नाही तर ही वर चढते आणि लावून देते. छोट्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतीत ती भाग घ्यायची, जिंकायची, आणि बक्षिसाचे कप ऑफिसात पेनं ठेवायला वापरायची. तिला खरी गाडी हवी होती. रोज ऑफिसला न्यायची आणि शर्यतीच्या ट्रॅकवरही पळवायची, अशी एकच. मुलीने मागितलं आणि बापाने नाही म्हटलं, असं त्या घरात घडत नसे. ठाण्याच्या एका बंगल्यात वर्षानुवर्षं पडून असलेली जुनी, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी आली. तिच्यात आठ सिलिंडरचं परदेशी इंजिन बसलं. साडेचारशे घोड्यांची ताकद, असं जनूशेठ येईल त्याला सांगायचा. दोन बैलांचा माणूस साडेचारशे घोड्यांच्या मागे लागला होता.

पुढचा भाग झपाट्याने तयार झाला. ब्रेक झाले, गिअरबॉक्स झाला. गाडी अडली ती मागच्या ॲक्सलवर, म्हणजे कण्यावर. कुठला घालायचा? शेडमध्ये भिंतीला लावून ॲक्सलची रांग उभी राहिली. एक जीपचा, एक पिकअपचा, एक छोट्या ट्रकचा. जनूशेठ रोज त्यांच्यासमोरून फिरायचा. दुपारी जेवायला बसला तरी तोंड त्यांच्याकडेच. वहिनी म्हणायच्या, "पोरीला स्थल बगताना येवडा विचार करतील का हे?"

मला त्यातलं जे काही समजलं ते दर्शनामुळे. ती म्हणाली, "काका, शाळेत कवायतीत रांग वळते ना, तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला पळावं लागतं. वळणावर चाकांचं पण तसंच. बाहेरचं जास्त फिरतं, आतलं कमी. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो, तो दोघांना आपापलं फिरू देतो. पण इंजिनात एवढी ताकद असली की एक चाक नुसतं जागेवर गरगरतं आणि सगळा जोर तिथेच वाया जातो. मग काही लोक दोन्ही चाकं एकमेकांना पक्की जोडूनच टाकतात."

"मग तसं करा," मी म्हणालो. मला काय जातंय.

"सरळ पळायला बेस्ट. वळायला बेकार. त्याच्या मधला एक प्रकार असतो, थोडा फरक पडू देतो आणि चाक घसरलं की आवरतो. मला तो हवाय. आणि हा अख्खा लोखंडी दांडा पण नको. दोन्ही चाकं सुटी, आपापल्या जागी वरखाली होणारी. एक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला धक्का नाही."

जनूशेठ खाली बसून ऐकत होता. "सुटी चाकं? साडेचारशे घोरं आनि चाकं सुटी?" त्याने मान हलवली. "दोन बैल एका जूला पायजेत, बाय. जाड कणा, चाकं जोडलेली. मोडायचं नावच न्हाय."

"पप्पा, तुम्ही ट्रक बनवताय."

"ट्रक कदी मोडतो का?"

"ट्रक वळतो तरी का?"

निजामपुऱ्यातला रफीकभाई तिथेच होता. त्याचं खराद कामाचं, म्हणजे लेथचं दुकान. कापडाच्या लूमचे शाफ्ट बनवण्यात आयुष्य गेलं, आणि जनूशेठच्या नादाने आता गाड्यांचे बनवत होता. तो चहा फुंकत म्हणाला, "शेठ, ये लूम नहीं है कि एक जगह खड़ा रहके चलेगा. बेटी सही बोल रही है."

"तू चाय पी," जनूशेठ म्हणाला.

अर्थातच छोट्या ट्रकचा ॲक्सल लागला. चाकं जोडलेली. वडप्याच्या एका रिकाम्या गोदामाच्या आवारात रविवारी गाडी उतरवली. नुकतं काँक्रीट झालेलं, कंटेनर वळायला ठेवलेलं मोठं आवार. सरळ पट्ट्यात गाडी अशी सुटली की माझी टोपी उडाली. जनूशेठ माझ्या पाठीत धपाटा घालून ओरडला, "बगितलास?" दर्शनाने दुसऱ्या टोकाला गाडी वळवायला घेतली. पुढची चाकं वळली, गाडी वळेना. ती सरळच चालली होती. मग एकदम मागचा भाग सुटला, गाडी भिंगरीसारखी फिरली आणि माल ठेवायच्या रिकाम्या लाकडी पॅलेटांच्या ढिगाऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

दर्शना हसतच बाहेर आली. तिला काहीही झालं नव्हतं. जनूशेठ तिच्यापर्यंत पळत गेला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला गाडीकडे न बघताना पाहिलं. तो तिचं डोकं, खांदे, कोपर चाचपत होता. "हात हालव. पाय हालव. दुसरा पाय हालव. हालव ना, बाय." ती "पप्पा, मी ठीक आहे, पप्पा" म्हणत होती आणि तो ऐकत नव्हता. आवाराच्या दारात दादूस काठीवर भार देऊन उभा होता. त्याला तिथे कुणी आणलं, मला आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी जनूशेठने गाडीवर ताडपत्री टाकली. "शर्यत बिर्यत न्हाय. झालं."

पावसाळा संपल्यावर कोइमतूरकडच्या ट्रॅकवर दर्शनाची पहिली मोठी शर्यत होणार होती. तिचं नाव गेलेलं होतं. तिने वाद घातला नाही, रडली नाही. फक्त शेडमध्ये यायची बंद झाली. बापाला जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, आणि बोलायची नाही. मला तिचा फोन आला. "काका, तुम्ही समजवा. ते मला घाबरत नाहीत, माझ्यासाठी घाबरतायत. पण ते घाबरून आणखी जाड ॲक्सल आणतायत."

आणि ते खरंच होतं. मी गेलो तर हा रफीकभाईला फोनवर मोठ्या ट्रकच्या ॲक्सलबद्दल विचारत होता. गाडी विकायचीही म्हणत होता आणि ॲक्सलही शोधत होता. मी त्याला समजावलं. म्हणजे प्रयत्न केला. मराठीचा मास्तर ॲक्सलबद्दल समजावणार तरी काय? तो म्हणाला, "तुना पोरगी न्हाय."  मला त्याचा राग आला होता आणि दयाही. इतकी वर्षं तो एका मोडलेल्या लाकडाच्या मागे लपून बसला होता, आणि आता मुलीलाही तिथेच लपवू बघत होता.

मग एका रविवारी दुपारी रफीकभाई टेम्पो घेऊन आला. एकाऐवजी दोन वस्तू त्याने उतरवल्या. एक जनूशेठने सांगितलेला, दोन माणसांना न उचलवणारा, जाडजूड ॲक्सल. दुसरा दर्शनाला हवा होता तो, एका अपघात झालेल्या परदेशी गाडीचा, मध्ये गोळा आणि दोन्ही बाजूंना सांध्यांचे दांडे. "मेरी तरफ से," तो म्हणाला. "देखने का पैसा नहीं." दोन्ही गोणपाटावर शेजारी शेजारी ठेवले. जनूशेठ कपाळाला आठ्या घालून त्यांच्याभोवती फिरायला लागला. दर्शना दादूसचा जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

दादूसने रेडिओ बंद केला. काठी टेकत उठला, गोणपाटापाशी आला आणि दुसऱ्या वस्तूला काठी लावून म्हणाला, "जन्या, यो असा तुटका का?"

"तुटका न्हाय, दादूस. सुटा हाय. परत्येक चाक आपलं आपलं."

"मंग कुठला घेतोस?"

"यो जाडा. यो मोडनार न्हाय."

दादूसने जाड्या ॲक्सलला काठी लावली. मग म्हणाला, "मोडला न्हाय तर काय व्हईल?"

कुणालाच काही समजलं नाही. जनूशेठ म्हणाला, "म्हंजे?"

"म्हंजे वलनावर मोडला बी न्हाय आनि वलला बी न्हाय, तर पोरगी कुठं जाईल?"

"सरळ जाईन, मोठे पप्पा," दर्शना दारातून म्हणाली. "त्या दिवशी गेले तशी."

"हां," दादूस म्हणाला. "तसाच चालला व्हता आपला छकडा."

 माझ्या हातातला चहा तसाच राहिला. चाळीस वर्षांत या दोन भावांच्या तोंडून छकडा हा शब्द एकमेकांसमोर निघालेला मी ऐकला नव्हता.

"डावा बैल बुजला," दादूस सांगायला लागला. त्याच्या आवाजात काहीच विशेष नव्हतं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा तो बोलत होता. "बोरीच्या झाडाखाली मानसं बसली व्हती. बाया व्हत्या, भजीवाला व्हता तेलाची कढई घेऊन. बैल सरल तिकडंच. मी उजवा कासरा वढला. सगल्या अंगानं वढला. पलत्या छकड्याला आडवा वलवला, जन्या. सरल पलायला बांदलेला छकडा. त्यो वलतो व्हय? कणा वलवला म्हनून मोडला. लाकडाचा व्हता म्हनून न्हाय. मोडला म्हनून छकडा तिथंच पडला; लोखंडाचा असता तर मोडला बी नसता आनि वलला बी नसता, बैलांसकट कढईत गेला असता."

 जनूशेठ म्हणाला, "मना कदी बोलला न्हाईस."

"तू इचारलास कदी? मना आंघोलीला पानी दिलंस. औषध दिलंस. मागं उशा लावून गाडीतनं फिरवलंस. इचारलं न्हाईस. मना वाटलं तुना ठाव हाय. सगल्या गावाला ठाव हाय."

खरंच, सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच्यासमोर कुणी बोललं नाही, कारण थोरल्या भावाच्या पायाबद्दल धाकट्यासमोर काय बोलायचं, अशी तिथली रीत. त्यानेही विचारलं नाही, कारण ज्याचा पाय आपल्यामुळे गेला असं वाटतं त्याला काय विचारायचं. आणि मी, शहरातला, जन्याने सांगितलं तेच खरं धरून बसलेला. एवढी माणसं मर्यादा पाळत राहिली आणि एक माणूस उगाचच झिजत गेला.  मी चहाचा कप खाली ठेवला.

जनूशेठ गोणपाटावरच बसला. त्याने दादूसच्या ताठ गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्याने त्या पायाला पाणी घातलं होतं, तेल लावलं होतं, पण असा नुसता हात ठेवलेला मी पाहिला नव्हता. तो रडत होता, आणि लपवतही नव्हता. दादूस अवघडून उभा होता. "पुरे रं," तो म्हणाला. "पाय दुकतोय. खुर्ची दे."

खुर्चीवर बसवून झाल्यावर जनूशेठने शर्टाने तोंड पुसलं, म्हणजे सगळ्या तोंडाला काळं लागलं. रफीकभाईला म्हणाला, "यो जाडा परत ने."

"वापस ले जाने का भाड़ा लगेगा," रफीकभाई म्हणाला. त्याचेही डोळे ओले होते, म्हणून मुद्दाम तसं बोलला असावा.

दर्शना शेडमध्ये आली, बापाशेजारी उकिडवी बसली आणि दोघं लगेच भांडायला लागले. सांध्यांमध्ये रबर मऊ घालायचं की कडक? जनूशेठला कडक हवं होतं. ती म्हणाली, कडक घातलं तर रोज ऑफिसला जाता-येता कल्याण नाक्याच्या खड्ड्यांत तिची कंबर जाईल, शर्यत वर्षातून चारदा असते आणि खड्डे रोज असतात. तो म्हणाला, मऊ घातलं तर वळणावर चाक डोलेल. शेवटी मधलं ठरलं. वहिनींनी दोघांचा आवाज घरातून ऐकला आणि देवापुढे साखर ठेवली.

शर्यतीच्या आधी, मी भिवंडी सोडायच्या आदल्या रविवारी गाडी पुन्हा त्याच आवारात उतरवली. मुलगा पुण्याहून मला न्यायला येणार होता. सामान बांधून झालं होतं आणि मी पळ काढून वडप्याला गेलो होतो.

गाडी तयार होती. दर्शना आत बसली. जनूशेठ नेहमीसारखा मागे जाऊन वाकला, दोन्ही चाकांना पंजा लावला, मध्ये बघितलं. मग मागून दादूसचा आवाज आला.

"मना बसव."

"दादूस, यात मागं शीट न्हाय."

"मंग पुडं बसव."

जनूशेठने माझ्याकडे बघितलं. त्याने दादूसला धरून पुढच्या सीटवर बसवलं, ताठ पाय हाताने उचलून आत घेतला, पट्टे आवळले, पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले. हेल्मेट टोपीवर बसेना. दादूसने टोपी काढून भावाच्या हातात दिली. त्याचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"हळू ने गं," जनूशेठ म्हणाला.

"पप्पा, हळू न्यायला एवढं केलं का?"

गाडी सुटली. जनूशेठ बाजूला झाला नाही. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस सरळ काँक्रीटवर पालथा पडला, गाल जमिनीला लावला आणि लांब जाणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांकडे बघायला लागला. हातात दादूसची टोपी घट्ट धरलेली. मी त्याच्या शेजारी उभा होतो. मलाही वाकावंसं वाटलं, पण माझे गुडघे ऐकत नाहीत.

दुसऱ्या टोकाला वळण आलं.  गाडी वळली. पॅलेटांच्या ढिगाऱ्यापासून चांगली लांबून, सहज, स्वतःचं आवार असल्यासारखी वळली. आता तिचं तोंड आमच्याकडे होतं आणि ती येत होती.

"ऊठ रे जन्या, अंगावर येईल," मी म्हणालो.

तो उठला नाही. नुसती मान वर केली. मागून बघायचं होतं ते बघून झालं होतं, आणि तो पुढून बघत होता. काचेमागे दादूस दोन्ही हातांनी दार धरून बसला होता आणि त्याचं तोंड मोठं उघडलेलं होतं.

"मास्तर," जनूशेठ म्हणाला, "दादूस हसतोय रं."